आठवणारे काळीज

अँडीज पर्वतातील लोकगीतांविषयी आपल्याकडे जी काही कल्पना असते, ती बहुधा 'एल कोन्दोर पासा'च्या बासरीपुरती असते. ही चाल दानिएल आलोमिया रोब्लेस यांनी १९१३ मध्ये लिमातील एका संगीतनाट्यासाठी बांधली होती. सायमन आणि गारफंकेल यांनी १९७० मध्ये ती इंग्रजी शब्दांसह जगभर पोचवली. त्या बासरीतून दूरच्या डोंगरांची हुरहूर ऐकू येते, आणि ही हुरहूर म्हणजेच त्या गाण्यांचे 'हृदय' असा ऐकणाऱ्याचा समज होतो. प्रस्तुत टिपण या समजाविषयी आहे. अधिक नेमके सांगायचे तर 'हृदय' या एका शब्दाविषयी आहे. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एम. ए.च्या वर्गाला लोकगीतांचा तौलनिक अभ्यास शिकवताना आम्ही अँडीजमधील काही गीते कोश, व्याकरण आणि इंग्रजी-स्पॅनिश भाषांतरे समोर ठेवून वाचू लागलो. ती मराठीत आणताना आम्ही पहिल्यांदा याच शब्दापाशी अडलो, आणि पुढे बराच काळ तिथेच राहिलो.

या गीतांची भाषा केचुआ. पेरू, बोलिव्हिया आणि एक्वादोर या देशांत मुख्यतः ती बोलली जाते, आणि तिचे भाषक सुमारे ८० लाख ते १ कोटी असावेत असा सर्वसाधारण अंदाज आहे. पेरूने १९७५ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा दिला. तिचे भाषक तिला 'रुनासिमी' म्हणतात : रुना म्हणजे माणूस, सिमी म्हणजे तोंड आणि बोलीही. हृदयासाठीचा तिचा शब्द 'सोन्क़ो'. त्यातला क़ उर्दूच्या 'क़लम'मधल्यासारखा घशाच्या तळातून येतो; आयाकुचो भागात तो घासून 'ख़'कडे झुकतो. प्रेमाची, विरहाची, वाटसरूची, पोरकेपणाची वाय्नो नावाची नृत्यगीते असोत, की स्त्रियांनी उंच स्वरात मिळून म्हणायची संथ हारावी गीते असोत, हा शब्द दोन्हींत येतो. पुष्कळदा गाणारा स्वतःच्याच सोन्क़ोला हाक मारतो : 'सोन्क़ोल्याय'. शेवटचा 'य' म्हणजे 'माझे'. मधला 'ल्या' हा प्रत्यय 'फक्त, एवढेच' असे सांगतो आणि त्याच दमात लाडही करतो. माझे एवढेसे, माझे लाडके, माझे एकुलते एक काळीज, असे सगळे त्या एका शब्दात येते. द्वैभाषिक वाय्नोंमध्ये स्पॅनिश 'विदा' म्हणजे जीवन या शब्दालाही हेच शेपूट लागते आणि 'विदाल्याय' असा संकर तयार होतो. शब्द जेत्यांचा आणि माया जितांची, असा हा प्रकार आहे.

तर सोन्क़ो म्हणजे नेमके काय?

या प्रश्नाचे सर्वांत विस्तृत जुने उत्तर दिएगो गोन्साल्येस ओल्गीन या जेसुइट पाद्र्याच्या कोशात मिळते. हा कोश १६०८ मध्ये लिमात छापला गेला. सोन्क़ोपुढे त्याने जी अर्थांची यादी दिली आहे ती पाहून आम्ही थबकलो. तीत हृदय आहे, आतडी आहेत, जठर आहे. सदसद्विवेक आहे, निर्णयशक्ती आहे, बुद्धी आहे, स्मृती आहे, इच्छा आहे, आकलन आहे. शिवाय लाकडाचा गाभाही आहे! एखादा पाद्री गोंधळला आणि त्याने जे सुचेल ते लिहिले, असे इथे म्हणता येत नाही. हा कोशकार अत्यंत काटेकोर आहे. त्याला दिसलेली वस्तूच इतकी मोठी होती. युरोपीय विचाराने ज्या गोष्टी शरीराच्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या, विचार डोक्यात, भावना छातीत, पचन पोटात, त्या सर्व इथे एकाच अवयवात नांदत होत्या.

मिशनऱ्यांना याची अडचण कळली होती. दोमिंगो दे सान्तो तोमास या डोमिनिकन पाद्र्याने १५६० मध्ये केचुआचे पहिले व्याकरण आणि कोश वायादोलिद येथे छापले. त्या आरंभीच्या काळात ख्रिस्ती 'आत्मा' सांगण्यासाठी स्थानिक शब्द वापरून पाहिले गेले. सोन्क़ो त्यांपैकीच एक होता. पुढे लिमाच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने तयार केलेली प्रश्नोत्तरी १५८४ मध्ये छापली गेली. दक्षिण अमेरिकेत छापलेले हे पहिले पुस्तक. तीत आत्म्यासाठी 'आनिमा' हा स्पॅनिश शब्दच तसाच ठेवला गेला. आम्हांला यामागचे कारण उघड वाटते. शरीर सोडून जाऊ शकेल असा आत्मा हवा असेल, तर ज्या शब्दात जठर आणि आतडी आहेत तो चालणार नाही. अशा रीतीने सोन्क़ो धर्मग्रंथाच्या मध्यवर्ती शब्दांतून वगळला गेला आणि गाण्यात राहिला.

मराठीत आणताना आमच्यापुढे पाच-सहा शब्द होते. 'हृदय' आज एकीकडे हृदयरोगतज्ज्ञाच्या पाटीवर आहे आणि दुसरीकडे भावगीतात. मधल्या जगण्यात ते फारसे उरलेले नाही. 'मन' विचार करते, आठवते, ठरवते. पण त्याला रक्तमांस नाही. 'अंतःकरण' तात्त्विकदृष्ट्या सर्वांत जवळचे. वेदान्ताने मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार असे त्याचे चार भाग केले आहेत, आणि ओल्गीनच्या यादीशी ते बऱ्याच अंशी जुळतात. पण अंतःकरण कुणी लाडाने हाक मारावी असे नाही. तो पोथीतला शब्द आहे. उलट 'आतडे' आणि 'पोट' हे शब्द पुरते घरातले. आईचे आतडे तुटते, पोटात कालवते, दुसऱ्याचा अपराध आपण पोटात घालतो. म्हणजे क्षमा करण्याचे काम मराठीने जठराकडे सोपवले आहे. वर्गातल्या एका विद्यार्थिनीने हे उदाहरण दिले तेव्हा ओल्गीनच्या यादीतले विचित्रपण एकदम कमी झाले.

राहिला 'काळीज'. मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली तर यकृत मिळते, आणि जात्यावरच्या ओव्यांपासून घरातल्या भांडणापर्यंत 'काळीज' म्हटले की हृदय समजले जाते. शरीरशास्त्राने ज्यांना वेगळे केले त्या दोन अवयवांवर मराठीने एकच नाव ठेवले आहे. धाडसालाही 'काळीज लागते'. दगडाच्या काळजाचा माणूस आपल्याकडे असतो तसा केचुआतही असतो : 'रुमी सोन्क़ो', रुमी म्हणजे दगड. मऊ काळजाचा तो 'ल्याम्पु सोन्क़ो'. 'इस्काय सोन्क़ो' म्हणजे दोन काळजांचा. हा आपला द्विधा मनाचा, निश्चय न होणारा माणूस. या शेवटच्या शब्दात मात्र फट दिसते. मराठी माणूस द्विधा होतो तो मनाने; केचुआ माणूस द्विधा होतो तो सोन्क़ोने. काळीज आपल्याकडे फाटते, तुटते, धडधडते, हलते. पण निर्णय घेण्याचे काम आपण त्याला देत नाही. आणि आठवण्याचे? 'काळजावर कोरले' असे आपण म्हणतो खरे. पण तेव्हा कोरणारा दुसराच कुणी असतो, काळीज केवळ पाटी असते. सोन्क़ो ही पाटी नव्हे. आठवणे हे त्याचे स्वतःचे काम आहे.

हा भेद आम्हांला सर्वांत स्पष्ट दिसला तो होसे मारिया आर्गेदास यांच्या 'लोस रिओस प्रोफुन्दोस' म्हणजे 'खोल नद्या' या १९५८ च्या कादंबरीत. आर्गेदास १९११ मध्ये आंदाउआयलास येथे जन्मले. आई अजाण वयातच गेली. सावत्र आईने त्यांची रवानगी नोकरचाकरांत केली, आणि तिथेच, स्वयंपाकघरात, आपल्याला केचुआ आणि केचुआ माणसांची माया मिळाली, असे ते पुढे सांगत. १९३८ मध्ये त्यांनी केचुआ गीतांचे भाषांतरित संकलन 'कान्तो केचवा' प्रसिद्ध केले. लोकगीतांकडे ते संग्राहक म्हणून आले नव्हते. त्या गीतांनी त्यांना वाढवले होते.

'खोल नद्या'चा निवेदक एर्नेस्तो हा मुलगा क्रूर नातेवाइकांच्या घरातून पळून एका आय्युमध्ये, म्हणजे सामाईक जमीन कसणाऱ्या गावसमूहात, आश्रय घेतो. तिथल्या स्त्रिया त्याला सांभाळतात. पुढे वडील त्याला न्यायला येतात, आणि तो निघताना त्या स्त्रिया निरोपाची हारावी म्हणतात. त्या मुलाशी बोलतात तशा डोंगराशीही बोलतात. खिंडीतल्या आणि माळावरच्या झऱ्यांना, पक्ष्याला, बर्फाला, पावसाला, दरीला एकेक विनवणी करतात : याला जपा, याला परत आणा. आर्गेदासांनी मूळ केचुआ आणि आपलेच स्पॅनिश भाषांतर दोन्ही कादंबरीत दिले आहे. दोन्हींची सुरुवात ताडून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. स्पॅनिशमध्ये मुलाला न विसरण्याची विनंती आहे. केचुआत क्रियापद स्मरणाचे आहे, आणि ते भविष्यकाळी आहे. त्यात नकार नाही. जवळजवळ आज्ञेसारखे, आणि तरी खात्रीने, त्या सांगतात की आठवण राहील. हे क्रियापद 'युयाय'. त्याचा एक अर्थ आठवणे, दुसरा विचार करणे. केचुआत या दोन क्रियांना एक धातू पुरतो.

एवढी मोठी निसर्गसृष्टी एका पोराला आठवण राहावी म्हणून कामाला लावायची, हे काय प्रकरण आहे? आमच्या मते इथे दोन केचुआ शब्द उपयोगी पडतात. पहिला 'वाक्चा'. त्याचा अर्थ पोरका आणि गरीब, दोन्ही. ज्याला माणसे नाहीत तोच दरिद्री. वाय्नोत गाणारा स्वतःला वारंवार वाक्चा म्हणतो, आणि भाषांतरकार कधी 'अनाथ' लिहितो, कधी 'गरीब', कधी दीनवाणेपणाची छटा देऊन मोकळा होतो. परंतु वाक्चा हे आधी सामाजिक स्थानाचे नाव आहे. दुःख त्यातून येते. याच गीतांत 'रुना' म्हणजे माणूस हा शब्दही एक वळण घेतो. परक्या मुलखाला 'रुनाचे गाव' म्हणतात, 'लोकांचे गाव'. मराठीत 'लोकांच्या दारात', 'लोकाचे पोर' म्हणताना आपण जो परकेपणा 'लोक' या निरुपद्रवी शब्दात भरतो, तोच हा.

दुसरा शब्द 'आय्नी'. आज मी तुझ्या शेतावर राबेन, उद्या तू माझ्या शेतावर राबावेस. आपल्या खेड्यांतील सावड ती हीच. या व्यवहाराची वही नसते. कुणाचे किती दिवस कुणाकडे आहेत हे फक्त ध्यानात असते. म्हणजे सगळ्या गावाचा संसार आठवणीवर चालतो, आणि आठवण सोन्क़ोत राहते. ज्याचे सोन्क़ो आठवत नाही त्याला 'माना सोन्क़ोयोक्', बिनकाळजाचा म्हणतात. हा निव्वळ भावनाशून्य माणूस नव्हे. तो ऋण विसरलेला, म्हणून समाजाबाहेर पडलेला माणूस आहे. मराठीत याला आम्ही 'कृतघ्न' म्हणू, आणि ती शिवी हृदयाशी जोडणार नाही.

एर्नेस्तोने त्या स्त्रियांच्या मायेचे मोल कधी फेडता येणार नाही असे म्हटले आहे. ते वाक्य वाचताना आम्हांला आता त्यात हिशेबाची भाषा ऐकू येते, आणि ती मायेच्या विरुद्ध वाटत नाही. निरोपाची हारावी त्या मुलाजवळ प्रेम मागत नाही. त्याने आपल्याला खात्यावर ठेवावे एवढे ती मागते. आपली जुनी पत्रे 'लोभ असावा' असे लिहून संपत, तेव्हा त्यातही असेच काही मागितलेले असे. ती फक्त शिष्टाचाराची ओळ नव्हती.

इथवर आल्यावर आमच्यापैकी एकाने रास्त हरकत घेतली. स्मृतीचे एवढे गुणगान कशासाठी? आठवण ही यातनाही असते. अँडीजच्या अलीकडच्या इतिहासाने ही हरकत फार कठोरपणे सिद्ध केली आहे. १९८० ते २००० या काळात पेरूत 'शायनिंग पाथ' ही सशस्त्र संघटना आणि सरकारी दले यांच्यात जो हिंसाचार झाला, त्यातील मृत आणि बेपत्ता माणसांचा सत्य आणि समेट आयोगाचा अंदाज ६९,२८० इतका आहे. आयोगाने अहवाल २००३ मध्ये दिला. बळींपैकी सुमारे ७५ टक्के लोकांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी एखादी देशी भाषा होती, आणि सर्वाधिक झळ बसलेला प्रदेश आयाकुचो होता. आयोगाने लिमात छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले, त्याला नाव दिले 'युयानापाक्'. हारावीतलाच तो युयाय धातू, अर्थ, 'आठवण्यासाठी'. शेजारी स्पॅनिश शीर्षक होते, 'पारा रेकोर्दार'. या स्पॅनिश क्रियापदाच्या पोटात लॅटिन 'कोर' आहे, म्हणजे हृदय. आणि हे कोर आपल्या संस्कृत 'हृद्'चे सख्खे भावंड. जिंकणाऱ्यांच्या भाषेतही कधीकाळी आठवणे हे हृदयाचेच काम होते, फक्त बोलणाऱ्याला आता ते ऐकू येत नाही. आपल्याकडे 'स्मर' हे मदनाचे नाव आहे हेही या ओघात आठवते. सोन्क़ो समजण्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागते असे नाही. आपलेच शब्द खरवडावे लागतात.

परंतु आयाकुचोच्या खेड्यांत वैद्यकीय मानवशास्त्रज्ञ किंबर्ली थाइडन यांना जे ऐकू आले ते या प्रदर्शनाच्या नावाइतके सरळ नव्हते. तिथली माणसे 'ल्याकी'विषयी बोलत. ल्याकी म्हणजे दुःख, आणि त्या माणसांच्या बोलण्यात दुःखाची आठवणही. ती सोन्क़ोत, शरीरात भरत जाते, आणि माणूस त्याने आजारी पडतो. ज्यांनी आपली माणसे डोळ्यांदेखत नेली जाताना पाहिली त्यांना विसरण्याचे औषध हवे होते. आठवणारे काळीज हा अलंकार राहिला नव्हता; ते दुखणारे इंद्रिय होते. त्याच आयाकुचोत आंखेलिका मेन्दोसा या मातेने, तिच्या मुलाला १९८३ मध्ये पकडून नेल्यावर, बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला, आणि २०१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती मुलाला शोधत राहिली. त्याच काळात कार्लोस फाल्कोनी यांच्यासारखे वाय्नोकार केचुआत या हिंसाचाराची गाणी रचत होते. विसरू पाहणारे आणि विसरण्यास नकार देणारे, दोघांचेही सोन्क़ो एकच शब्द होता. त्यांच्यात कोण बरोबर, हे लिमात किंवा महाराष्ट्रात बसून ठरवणे आम्हांला शोभत नाही. पण बासरीतून ऐकू येणारी गोड हुरहूर या शब्दाला किती अपुरी आहे, हे इथे कळते.

हे सारे आम्हांला एवढे का लागावे? आमच्या पेशात एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. एस. टी. स्टँडवर, एखाद्या लग्नात, बँकेच्या रांगेत कुणी समोर येऊन उभा राहतो आणि ओळख पटली का म्हणून विचारतो. कुसुमाग्रजांच्या 'कणा'ने हा प्रसंग मराठी शिक्षकाच्या आयुष्याचा भागच करून टाकला आहे. त्या कवितेने अवयव निवडला तो पाठीचा. आलेल्या माणसाची ताठ उभे राहण्याची जिद्द तिथे महत्त्वाची आहे. आम्हांला मात्र अलीकडे त्या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक जाणवते. वर्षाला दीड-दोनशे मुले समोरून जातात. त्यांतली कितीतरी लोकांच्या गावात एकटी राहून शिकलेली असतात. त्यांनी विचारलेला प्रश्न आमच्या बुद्धीची परीक्षा नसतो. आपण कुणाच्या तरी ध्यानात आहोत का, का वाक्चाच राहिलो, एवढेच त्यांना पाहायचे असते. केचुआत हा प्रश्न सोन्क़ोला विचारला गेला असता.

भाषांतराचे शेवटी काय झाले, ते सांगून थांबतो. वर्गाने पुष्कळ वाद घालून 'काळीज' हा शब्द स्वीकारला, पण एका अटीवर : जिथे जिथे तो येईल तिथे त्याच्यासोबत काम करणारे क्रियापद हवे. काळीज आठवते, काळीज ठरवते, काळीज हिशेब ठेवते. मराठीच्या कानाला हे प्रथम खटकते, आणि खटकू द्यावे असे ठरले. दुसरा वाद सर्वनामाचा होता. केचुआत 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद मराठीसारखाच आहे : ऐकणाऱ्याला वगळणारे 'न्योक़ाय्कु', आणि त्याला सामावून घेणारे 'न्योक़ान्चिक्'. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये दोन्हींना एकच शब्द असल्याने हा भेद गळून पडतो. मराठीत तो विनासायास राखता येतो, हे आमच्या भाषेचे भाग्यच. निरोप देणाऱ्या त्या स्त्रियांच्या तोंडी काय घालावे? काहींनी 'आम्ही' सुचवले : त्या मागे राहणार, तो जाणार. बहुमत 'आपण'च्या बाजूने पडले. मुलगा वडिलांबरोबर निघाला होता, तो रक्ताने त्यांच्यातला नव्हता, आणि तरीही गाणे चालू असेपर्यंत त्या त्याला आपल्यातून वजा करायला तयार नव्हत्या. आम्हां दोघांपैकी एकाचे मत अजूनही 'आम्ही'कडे आहे. पुढच्या वर्षीच्या वर्गासमोर हा प्रश्न पुन्हा ठेवणार आहोत.